'सुरक्षेचा प्रश्न' म्हटलं की पर्यावरणाचं काय होतं?

गाळपेर (धागाकर्ता)

१३ डिसेंबर २०२१ आणि १४ डिसेंबर २०२१. या दोन लागोपाठच्या तारखा कधीच्या डोक्यात अडकून बसल्यात, म्हणून हा धागा.

तेराला न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेपुढे आयर्लंड आणि नायजर यांनी मिळून आणलेला ठराव मतदानाला आला. मागणी फार मोठी नव्हती. परिषद जिथे जिथे संघर्ष हाताळते तिथे हवामानबदलाने वाढणारे धोकेही विचारात घ्यावेत, एवढंच. पंधरापैकी बारा मतं बाजूने. रशियाने नकाराधिकार वापरला, चीन तटस्थ राहिला, भारताने विरोधात मत दिलं. भारताचं म्हणणं थोडक्यात असं: हवामानाच्या वाटाघाटींना वेगळी चौकट आहे, तिथे सगळे देश बसतात आणि आजवर धूर कोणी सोडला याचा हिशोबही तिथे होतो. पाच कायम सदस्यांच्या दारात हा विषय नेऊ नका.

चौदाला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचा चारधाम रस्त्याचा निकाल आला. २०२० मध्ये याच न्यायालयाने या डोंगरी रस्त्याची रुंदी साडेपाच मीटर ठेवा म्हणून सांगितलं होतं. संरक्षण मंत्रालय म्हणालं, सीमेवर जड सामग्री न्यायची तर रस्ता रुंद हवा. न्यायालयाने सीमेकडे जाणाऱ्या तीन महामार्गांना दहा मीटरची परवानगी दिली आणि देखरेखीला समिती नेमली.

म्हणजे सोमवारी 'पर्यावरण हा सुरक्षेचा विषय नाही' आणि मंगळवारी 'सुरक्षेपुढे पर्यावरणाने थोडं सरकून घ्यावं'. दोन्ही निर्णयांना आपापली कारणं आहेत, मी कोणाला दुटप्पी म्हणत नाहीये. पण 'सुरक्षा' या शब्दाचं वजन केवढं आहे ते या दोन दिवसांत दिसतं.

ओले वेव्हर नावाचे डॅनिश अभ्यासक आहेत. त्यांनी आणि बॅरी बुझान वगैरे मंडळींनी नव्वदच्या दशकात मांडलेली कल्पना मला पटते. अध्यक्ष 'सभा तहकूब' म्हणतात आणि सभा तहकूब होते. त्या शब्दांनी काही सांगितलं जात नाही, काही केलं जातं. 'हा सुरक्षेचा प्रश्न आहे' हे वाक्यही तसलंच. ते म्हटल्याक्षणी नेहमीचे नियम बाजूला ठेवायची मुभा मिळते. पैसा मोकळा होतो, चर्चा आटोपते, कागद बंद कपाटात जातात. सगळ्यांना पैसा मोकळा झालेला दिसतो. कपाट कोणी बघत नाही.

माझं मत सरळ आहे. पर्यावरणाला हा बिल्ला लावू नये. तुमचं काय?

खवचट_कावळा

पहिला. 🙂

सविस्तर नंतर लिहितो. तूर्तास एकच शंका. शत्रू असेल तर त्याच्याशी तह करता येतो. कार्बन डायऑक्साइडच्या वतीने सही कोण करणार?

विषुववृत्त

धागा आवडला, निष्कर्ष अजिबात नाही.

हा विषय सुरक्षा परिषदेत पहिल्यांदा आला १७ एप्रिल २००७ ला, ब्रिटनच्या अध्यक्षतेखाली. तेव्हा पॅसिफिक बेटांच्या वतीने पापुआ न्यू गिनीचा प्रतिनिधी बोलला. त्याचा आशय असा, की मोठ्या देशांना बंदुका-बॉम्बचा जेवढा धोका, तेवढाच आम्हाला वाढत्या समुद्राचा. त्याच दिवशी विकसनशील देशांच्या गटातर्फे पाकिस्तानने 'हा परिषदेचा विषय नव्हे' म्हणून सांगितलं. हवामानाच्या बाबतीत भारत-पाकिस्तान एका सुरात, हेही नसे थोडके. पुढे २००९ मध्ये आमसभेने हवामानबदल आणि सुरक्षा यांच्यावर ठराव केला, त्यामागे धडपड बेटांचीच.

तुम्ही म्हणता बिल्ला लावू नये. पण हा बिल्ला मागतंय कोण? ज्यांच्याकडे धड सैन्यही नाही असे देश. बुडणाऱ्याने कोणत्या शब्दांत ओरडायचं ते काठावरच्याने ठरवू नये, एवढंच म्हणणं आहे.

गाळपेर

@विषुववृत्त, शेवटचं वाक्य लागलं. पण ओरडल्यावर मदतीला आलेला माणूस काय मागतो, तेही बघा.

तुवालू. लोकसंख्या दहा-अकरा हजार, बेटांची उंची समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाबरोबर त्यांचा फालेपिली करार झाला, २०२४ पासून तो लागू आहे. फालेपिली म्हणजे साधारण शेजारधर्म. वर्षाला २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहता येईल. समुद्राने जमीन गिळली तरी तुवालूचं राष्ट्र म्हणून अस्तित्व मानलं जाईल, असंही त्यात आहे, आणि हे खरोखर मोठं आहे. पण आणखी एक कलम आहे. सुरक्षा आणि संरक्षणाच्या बाबतीत तुवालूला इतर कोणत्याही देशाशी काही करायचं असेल तर आधी ऑस्ट्रेलियाची सहमती लागेल.

समुद्र वाढला हवेतल्या धुरामुळे. किंमत काय पडली? परराष्ट्र धोरणातली एक चावी शेजाऱ्याच्या हातात.

विषुववृत्त

आणि तरीही २०२५ मध्ये त्या २८० जागांची पहिली सोडत निघाली तेव्हा देशातल्या तिसरा हिस्सा लोकांहून अधिकांनी अर्ज केले. चावीची काळजी राजनीतिज्ञांना, लोकांना दार हवंय. तुमचा मुद्दा मान्य, पण तो कराराबद्दल आहे, शब्दाबद्दल नाही.

अर्धविराम

शब्दाबद्दलच बोलायचं तर थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

मराठीत 'सुरक्षा' एकटी आली की काही कळत नाही, कोणाच्या पाठीला पाठ लावून येते ते बघावं लागतं. 'अन्नसुरक्षा' म्हटलं की धान्याचं कोठार डोळ्यांपुढे येतं. 'सामाजिक सुरक्षा' म्हटलं की म्हातारपणचं निवृत्तिवेतन. 'राष्ट्रीय सुरक्षा' म्हटलं की तारेचं कुंपण. मग 'पर्यावरण सुरक्षा' यांपैकी कोणाच्या पंक्तीत बसवायची?

संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या मानव विकास अहवालात पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी नेमकं हेच करून पाहिलं होतं. सुरक्षा देशाची नाही, माणसाची मोजा. त्याचे सात भाग केले: उत्पन्न, अन्न, आरोग्य, पर्यावरण, व्यक्ती, समुदाय, राजकारण. कल्पना लाखमोलाची. पण झालं काय, की 'सुरक्षा' शब्द सगळ्यांनी उचलला आणि 'माणसाची' वाटेत गळून पडलं.

तेव्हा बिल्ला लावायचा की नाही यापेक्षा तो कोणाच्या छातीवर लावायचा हे आधी ठरू दे.

निवृत्त_सॅपर

पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

फौजेत इंजिनिअर्समध्ये होतो. पुरात पाचदा उतरलो. प्रशासनाने मागणी केली की आमचा कॉलम निघतो, बोटी आणि त्यांना मागे लावायची इंजिनं ट्रकवर चढवून. लोकांना वाटतं पुरात पोहणं अवघड. पोहायची वेळ फारशी येत नाही. अवघड असतं ते इंजिनाचा पंखा वाचवणं. पाण्याखाली काय आहे दिसत नाही. कुंपणाची तार, वाळत घातलेले कपडे, उभं पीक, सगळं पंख्यात गुंडाळतं. दर दहा मिनिटांनी इंजिन वर उचलून सुरीने कापत बसायचं. आणि वर बघायचं विसरायचं नाही. पाणी चढलं की बोट चढते, बोट चढली की विजेच्या तारा कपाळाशी येतात.

एका घराच्या गच्चीवरून एक बाई पत्र्याच्या पेटीशिवाय उतरायला तयार नव्हत्या. पेटी जड, बोटीत आधीच नऊ माणसं. आत काय, विचारलं तर म्हणाल्या, जमिनीचे कागद. पेटी घेतली आणि माझा एक जवान खाली उतरून बोटीची कड धरून आला.

सांगायचं कारण असं. आम्ही शेवटी पोचतो आणि फोटो आमचे येतात. पाणी ओसरलं की आम्ही परत बरॅकमध्ये. नाला कोणी बुजवला, नदीच्या पात्रात घरं कोणी बांधू दिली, हे विचारणं आमचं काम नाही आणि ते आम्हाला विचारूही देत नाहीत. पर्यावरणाचा प्रश्न फौजेकडे दिलात तर फौज बोट आणील. तिच्याकडे बोटच आहे.

मृदगंधा

सॅपरकाका, लिहीत राहा. हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी आहे (धागाकर्त्यांनी हलके घ्या).

'दुष्काळामुळे युद्ध' या लाडक्या गोष्टीबद्दल लिहायचं होतं. सीरियाचं उदाहरण प्रत्येक भाषणात असतं. २००६ च्या सुमारास सुरू झालेला भीषण दुष्काळ, ईशान्येकडची शेती कोलमडली, लोक शहरांकडे गेले, २०११ मध्ये उठाव. २०१५ मध्ये एका शोधनिबंधाने हवामानबदलाने त्या दुष्काळाची शक्यता वाढवली असं दाखवलं आणि मग ही साखळी पक्की झाली. दोनच वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकांनी तिची एकेक कडी तपासली आणि बऱ्याच कड्या कच्च्या निघाल्या.

ईशान्य सीरियात सरकारनेच कित्येक वर्षं गहू आणि कापसासाठी विहिरी उपसू दिल्या. भूजल खाली गेलं. पाणी काढायला डिझेल जास्त लागायला लागलं. आणि २००८ मध्ये, ऐन दुष्काळात, डिझेलवरचं अनुदान कापलं. आता पंप बंद पडला तो आभाळामुळे की दमास्कसच्या सरकारमुळे? शेजारी इराकमध्ये, तुर्कस्तानच्या आग्नेय भागातही तेव्हा पाऊस आटलाच होता. उठाव तिथे नाही झाला.

हवामानाला गुन्हेगार ठरवण्यात सत्ताधाऱ्यांची केवढी सोय आहे ते लक्षात घ्या. सुदानमधल्या दारफुरबद्दलही तेच झालं. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की मून यांनी त्या संघर्षाची मुळं पर्यावरणाच्या संकटात असल्याचं लिहिलं. पाऊस कमी झाला होता, खरंच. पण गावं जाळायला घोडेस्वार पावसाने नव्हते पाठवले.

चौथा_बुरुज

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून जरा उलट.

१. चारधाम आणि सुरक्षा परिषद यांची मोट बांधू नका. एक आंतरराष्ट्रीय अधिकाराचा वाद, दुसरा एका रस्त्याच्या रुंदीचा. सीमेपलीकडे रस्ते होत असताना आपण साडेपाच मीटर मोजत बसायचं का?

२. सैन्याला हवामानाची फिकीर आहे ती फॅशन म्हणून नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायकल चक्रीवादळाने अमेरिकेच्या टिंडल हवाई तळाची जवळजवळ प्रत्येक इमारत मोडली. ४ ऑक्टोबर २०२३ ला सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक हिमतलाव फुटला, चुंगथांगचं धरण गेलं, आणि खाली लष्कराचे जवान आणि गाड्याही वाहून गेल्या. हा सुरक्षेचा प्रश्न नाही तर काय आहे?

३. पाणी तर आधीपासूनच सुरक्षेत आहे. १९६० चा सिंधू करार तीन युद्धांतून टिकला आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने स्थगित ठेवला. शब्द वापरा नाहीतर वापरू नका, नदीला सीमा ओलांडावीच लागते.

गाळपेर

@चौथा_बुरुज, चारधामचाच रस्ता घेऊ. रुंद रस्ता सीमेवर लवकर पोचवतो, कबूल. तोच रस्ता खणताना डोंगराचा पाया सैल झाला आणि दरड आली तर तो रस्ता रणगाड्यालाही बंद आणि रुग्णवाहिकेलाही. तिथे पर्यावरण विरुद्ध सुरक्षा असा सामनाच नव्हता. सुरक्षा विरुद्ध सुरक्षा होती. फक्त एका बाजूला मंत्रालय होतं आणि दुसऱ्या बाजूला भूगर्भशास्त्र.

आणि एक निकाल आला की पायंडा पडतो. २०२३ च्या वनसंवर्धन दुरुस्तीत आंतरराष्ट्रीय सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतल्या सामरिक महत्त्वाच्या रस्ते-रेल्वेसारख्या प्रकल्पांना सूट आहे. नकाशा काढून ईशान्येकडे १०० किलोमीटर मोजा. काही राज्यं अख्खीच्या अख्खी आत येतात.

खवचट_कावळा

सविस्तर लिहितो म्हणालो होतो. तर ऐका एक गंमत.

१९९७ च्या क्योटो वाटाघाटींत अमेरिकेच्या आग्रहाने परदेशातल्या लष्करी मोहिमांचा धूर देशांच्या हिशोबातून वगळला. पॅरिस करारात लष्करी उत्सर्जन कळवणं ऐच्छिक. २०२२ मध्ये काही संशोधकांनी अंदाज बांधला तो जगाच्या उत्सर्जनाच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास निघाला. म्हणजे राखणदार नेमायचाय, आणि तो एकटाच असा की ज्याच्या पिशवीची झडती घ्यायची नाही.

अजून एक. हवामान हे शस्त्र म्हणून वापरूनही झालंय. १९६७ ते १९७२ अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात शत्रूच्या रसदीच्या वाटेवर, हो चि मिन्ह मार्गावर, ढगांत बीजारोपण केलं, पाऊस लांबावा आणि वाटेवर चिखल व्हावा म्हणून. त्यानंतर १९७६ मध्ये अशा प्रकारांना बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला. सैन्याला पर्यावरणाची समज नाही असं कोण म्हणतं?

थंड_डोकं

शीतकरण यंत्रांच्या दुरुस्तीत आयुष्य गेलं, त्यामुळे माझं उदाहरण ठरलेलं.

१९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचा ओझोन विरळ झाल्याचा शोधनिबंध आला. १९८७ मध्ये माँट्रियल करार. १९९० मध्ये गरीब देशांना बदल परवडावा म्हणून वेगळा निधी ठरला. जगातल्या झाडून सगळ्या देशांनी मान्य केलेला हा पहिला पर्यावरण करार. त्यात एकही सैनिक नाही. आमच्याकडे काय आलं? नवे वायू, नव्या जोडण्या, प्रशिक्षण, जुना वायू हवेत न सोडता बाटलीत परत भरायचं यंत्र. आधी आम्ही झडप उघडून सोडून द्यायचो, फस्स. एक दिवस सांगितलं की असं करायचं नाही. शिव्या घातल्या आणि शिकलो.

शत्रू कोणीच नव्हता. झडप होती.

विषुववृत्त

@थंड_डोकं, मस्त. पण तिथे पर्यायी वायू बनवणाऱ्या कंपन्यांनाही धंदा दिसत होता. आणि भीती नव्हती असं नाही, त्वचेच्या कर्करोगाची भीती घरोघरी होती. फक्त त्या भीतीचा पत्ता आरोग्य खात्याचा होता. कोळसा आणि तेल एका झडपेने बंद होत नाही.

तरी तुमच्यामुळे माझं मत थोडं सरकलं, हे नोंदवतो. पत्ता महत्त्वाचा.

तळटीप

हा धागा दोन दिवस नुसता वाचतेय. धागाकर्त्यांनी 'बंद कपाट' लिहिलंय ते मी आतून पाहिलंय.

पूरशास्त्रात पीएचडी करते. माझी नदी सीमेपलीकडे जाते. अशा खोऱ्यांतल्या विसर्गाचे आकडे आपल्याकडे गोपनीय असतात. नीट समजून घ्या, पातळी नव्हे, विसर्ग. पुराच्या दिवसांत पातळी जाहीर होते, मोजपट्टीवर पाणी कुठवर आलं ते कोणालाही कळतं. पण त्या जागेवरून दर सेकंदाला किती घनमीटर पाणी गेलं ते नाही. आणि पात्रात गाळ भरला की तेवढ्याच विसर्गाला पातळी वर चढते, त्यामुळे नुसत्या पातळीवरून खालच्या गावात किती पाणी शिरेल ते ठरवता येत नाही.

मी अर्ज केला. विभागप्रमुखांची सही, कुलसचिवांची सही, मग गुप्ततेचं हमीपत्र: आकडे कोणाला देणार नाही, काम झालं की नष्ट करीन, छापण्याआधी दाखवीन. अकरा महिने लागले. मधल्या काळात एका टेबलावरून कागद हरवला म्हणून पुन्हा सगळं. आकडे आले ते सीडीवर. आमच्या विभागात सीडी वाचणारं यंत्रच उरलं नव्हतं, ग्रंथालयाच्या एका जुन्या संगणकात ती लावली.

ज्यांनी नियम केला त्यांचीही बाजू समजते. पाणीवाटपाच्या वाटाघाटीत आपले आकडे समोरच्याच्या हातात कशाला द्यायचे? समोरचाही तेच करतो. २०१७ मध्ये डोकलामच्या तणावात ब्रह्मपुत्रेचे पावसाळी आकडे चीनकडून आलेच नाहीत, २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाले. दोन्हीकडे कपाटं. मधे पूर.

चौथा_बुरुज

@तळटीप, हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. सिंधू कराराचं उदाहरण मी अभिमानाने दिलं होतं, त्यातही आकड्यांच्या देवाणघेवाणीची कलमं आहेत. करार स्थगित तर तीही स्थगित.

बाकी मुद्द्यांवर ठाम आहे.

अर्धविराम

'बाकी मुद्द्यांवर ठाम आहे' हे संस्थळाचं बोधवाक्य करा कोणीतरी.

निवृत्त_सॅपर

@तळटीप ताई, विसर्ग-पातळीचा फरक आज कळला. आम्हाला सकाळी पातळी सांगायचे आणि आम्ही त्यावर बोटी कुठे उतरवायच्या ते ठरवायचो. एकदा पातळी तीच, पण पाणी आदल्या वर्षीपेक्षा दोन गल्ल्या आत. आम्हाला वाटलं मोजणाऱ्याची चूक. गाळ असणार.

मग तुमच्या प्रबंधात हे छापणार कसं? आकडे तर दाखवायचे नाहीत.

तळटीप

काका, सगळे करतात तेच. आलेख काढायचा आणि उभ्या अक्षावरचे आकडे पुसायचे. शून्य ते एक अशी नुसती पट्टी ठेवायची. पुराचं टोक दिसतं, चढण-उतार दिसतो, पाणी किती ते दिसत नाही. माझ्या तिसऱ्या प्रकरणात असे चौदा आलेख आहेत. परीक्षक बाहेरचे असले तर विचारतात, अक्षावर काही लिहायचं राहिलं का?

निवृत्त_सॅपर

किती पाणी ते राहू द्या. वर चढायला लागलं की टोकापर्यंत किती तास मिळतात, तेवढं त्यातून कळतं का? बोटी फुगवून, इंजिनं लावून, ट्रक पोचवून आम्हाला तेवढंच हवं असतं. माझे दोन जण अजून त्या युनिटमध्ये आहेत.

तळटीप

कळतं. वेळ आडव्या अक्षावर असते, त्यावर बंदी नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.